चौकटीबाहेरची बेडफोर्ड

पांढरे कपडे दिसले की छप्पन्न साल. आमच्या लोकांचा हा हिशोब पक्का आहे. छप्पन्नच्या दसऱ्याला नागपुरात लाखो माणसांनी पांढरी लुगडी आणि पांढरे सदरे घालून बौद्ध धम्म घेतला. त्यामुळे कोणाच्याही घरच्या पेटीतून पिवळा पडलेला फोटो निघाला आणि त्यात चार माणसं पांढऱ्या कपड्यांत दिसली, की घरातलं शहाणं माणूस चष्मा पुसतं आणि सांगतं, "हा दीक्षेच्या दिवशीचा." त्या दिवशी एवढे कॅमेरे कोणाकडे होते, हे कोणी विचारत नाही. आमच्या घरातलं शहाणं माणूस मी होते. सारी नोकरी मी शाळेत इतिहास शिकवला. पुरावा काय, साधन काय, असं विचारून पोरांना भंडावून सोडलं आणि घरच्या भिंतीवरच्या फोटोला एकदाही काही विचारलं नाही.

तो फोटो माझ्या बाबांचा. माझे बाबा, भैय्याजी, पारशिवनीकडच्या मँगनीजच्या खाणीवर ट्रक चालवायचे. फोटोत दोन ट्रक शेजारी शेजारी उभे आहेत. डावीकडचा चपट्या नाकाचा, उजवीकडचा गोल नाकाचा आणि नाकावर तारा असलेला. दोन्हींच्या पुढे वीस-पंचवीस माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत. मधोमध बाबा, बॉनेटवर हात ठेवून, हनुवटी वर. गोल ट्रकच्या मडगार्डवर एक झिपरी पोरगी पाय सोडून बसली आहे. मागे खांबांची एक ओसरी दिसते आणि तिच्यावर काही माणसं बसलेली. ही ओसरी नागपुरातल्या एखाद्या धर्मशाळेची असणार, असं मी पाहुण्यांना सांगत असे. कोणी विचारलं नसलं तरी सांगत असे.

बाबांनी हा फोटो छताला टेकेल इतका उंच लावला होता, दोरीवर पुढे झुकलेला, जुन्या घरांत लावतात तसा. बाबा गेल्यावर मी तो नागपुरात मनीषनगरच्या माझ्या फ्लॅटमध्ये आणला आणि तितकाच उंच लावला. इतक्या उंचावरच्या फोटोकडे माणूस मान वर करून पाहतो, नमस्कार केल्यासारखं करतो आणि चहा घ्यायला बसतो. जवळून पाहायचं कोणाच्या मनात येत नाही. "छप्पन्नचा का?" असं कोणी विचारलं, की बाबा फोटोकडे पाहत एवढंच म्हणायचे, "गाड्या आपल्या होत्या." त्यालाच मी हो समजले.

माझी आई, जया, मी चार वर्षांची असताना गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही, खरं म्हणजे तिचं काहीच आठवत नाही. लहानपणी मी बाबांना विचारायची, आईचा फोटो नाही का. ते म्हणायचे, "आहे. दाखवीन. मोठी हो." मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा बाबा गेले. त्यांच्या ट्रंकेत गाडी दुरुस्तीचे पाने, मफलर आणि दाढीचं सामान निघालं, फोटो काही निघाला नाही. पोरीची समजूत घालायला सांगितलेली गोष्ट ती, असं मी धरून चालले. रागही आला होता थोडा, पण मेलेल्या माणसावर किती दिवस रागावणार.

यंदा आमच्या विहारात प्रदर्शन ठरलं. नाव, 'आपल्या घरचं छप्पन्न'. सूत्रं नत्थूजींच्या हातात. नत्थूजी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, विहाराचे सचिव, आवाज भोंग्यासारखा. ते स्वतः घरी आले, मान वर करून फोटो पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, हा पहिल्याच नंबरले लावतो. गाडीसकट दीक्षेले आलेला माणूस दुसरा कोणाच्या घरी नाही."

हे वाक्य मी आठवडाभर मिरवलं. भाजीवालीलासुद्धा सांगितलं. मग मला वाटलं, नुसता फोटो काय लावायचा, त्याखाली ट्रकची नावंही लिहू. बाकीचे लिहितील 'आमचे आजोबा', 'आमची आजी'. आमच्या फोटोखाली गाडीचं नाव, बनावट, देश, सगळं असेल. इतिहासाच्या शिक्षिकेच्या घरचा फोटो आहे, लोकांना कळायला नको? घमेंड म्हणा हवं तर. ती नसती, तर पुढचं काहीच झालं नसतं.

माझी मुलगी पायल मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते. रविवारी ती आली आणि आम्ही फ्रेम उतरवली. मागचे खिळे गंजले होते, पायलने ते पक्कडीने काढले. काचेखाली जाड पुठ्ठ्याची चौकट होती, तीही काढली. आणि फोटो मोठा झाला. म्हणजे होताच मोठा. पुठ्ठ्याने त्याची उजवी बाजू चांगली चार बोटं झाकून ठेवली होती. इतकी वर्षं आतल्या आत राहिल्यामुळे ती बाजू पिवळीही पडली नव्हती.

"आई, तिसरी गाडी," पायल म्हणाली.

खरंच होती. रुंद जाळीचा, धिप्पाड ट्रक, जाळीच्या दोन टोकांना दिवे. कॅबिनच्या खिडकीत एक बाई बसलेली, डोक्यावर पांढरा पदर, तोंड अर्धं सावलीत. असेल कोणी दीक्षेला आलेली, थकून बसली असेल, असं मी म्हटलं. माझं सगळं लक्ष ट्रककडे. दोन नाही, तीन गाड्या. नत्थूजींचा चेहरा पाहण्यासारखा होणार होता.

पायलने फोनवर फोटो काढून जुन्या गाड्यांच्या वेड्या लोकांच्या एका ग्रुपवर टाकला. असे ग्रुप असतात हे मला ठाऊक नव्हतं. पुण्याचे कोणी, कोइमतूरचे कोणी, सगळे जुन्या ट्रकवर जीव टाकणारे. चहा होईपर्यंत उत्तरं यायला लागली. चपट्या नाकाची ती शेवरले, कॅनडात बनलेली, दुसऱ्या महायुद्धातली. लढाई संपल्यावर फौजेने अशा गाड्या लिलावात काढल्या, आपल्याकडे त्यांना डिस्पोजलच्या गाड्या म्हणत. ताऱ्याची ती टाटा मर्सिडीज बेंझ, जमशेदपूरची, चोपन्ननंतरची. मी वहीत उतरवून घेत होते आणि मनात खुश होत होते. छप्पन्नला दोन वर्षांची नवी कोरी गाडी.

मग पायल फोनवर नुसतं बोट वरखाली करत राहिली.

"काय झालं? तिसरी सांग ना."

"बेडफोर्ड," ती म्हणाली. "इंग्रजी 'जे' मॉडेल. सगळे एकच सांगून राहिले."

"मग?"

"आई, हे मॉडेल अठ्ठावन्नमध्ये निघालं. त्याच्या आधी जगातच नव्हतं."

मी तिला म्हटलं, पुन्हा विचार. तिने पुन्हा विचारलं. कोइमतूरच्या माणसाने त्या गाडीच्या नाकाचे चार फोटो पाठवले आणि वर लिहिलं की भारतात तर ती आणखी नंतर आली असेल. मी चष्मा लावून एकेक फोटो आमच्या फोटोशी ताडून पाहिला. तीच जाळी, तेच दिवे. माझ्या विद्यार्थ्याने असा पुरावा आणला असता तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

"आई, पुठ्ठा परत लाव," पायल म्हणाली. "कड झाकली का झालं. बाकीच्या दोन गाड्या छप्पन्नच्या चालतात. कोणाले काय समजते?"

ती वाईट बोलली नाही. मला उदास पाहून बोलली. पण मी तिच्यावर अशी उखडले की बिचारी चहाचा कप घेऊन बाल्कनीत गेली. माझ्या आईवर कधी ओरडायला मिळालं नाही, त्याचं सगळं व्याज मुलीला भरावं लागतं.

खरं सांगायचं तर भीती वेगळीच होती. फोटो छप्पन्नचा नाही, ठीक आहे. पण मग बाबा छप्पन्नला होते का? त्यांनी तोंडाने कधी सांगितलं नव्हतं की मी होतो. मी विचारलंही नव्हतं, कारण भिंतीवर उत्तर टांगलेलं होतं. आता ते उत्तर खाली काढून मी टेबलावर ठेवलं होतं आणि माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. माझे बाबा तिथे होते, हे वाक्य मी जन्मभर बोलत आले होते. शाळेत, लग्नात, भांडणात. या एका वाक्यावर मी ताठ मानेने जगले. ते खोटं निघालं तर नत्थूजींना काय सांगणार, त्यापेक्षा स्वतःला काय सांगणार?

त्या काळातलं आमच्या घरचं एकच माणूस आता उरलं होतं. देवकी आत्या, बाबांची धाकटी बहीण, पारशिवनीला मुलाकडे राहते. पुढच्या रविवारी पायलने गाडी काढली आणि आम्ही फोटो एका टॉवेलात गुंडाळून निघालो.

आत्या अंगणात बाजेवर बसून सुपात लसूण सोलत होती. पंचाहत्तरीची असेल, पण दात स्वतःचे आणि जीभही शाबूत. मी काही न सांगता फोटो तिच्या मांडीवर ठेवला. तिने लुगड्याला बोटं पुसली, फोटो उजेडाकडे धरला आणि एकदम हसायला लागली.

"पाह्य वं माय, ही मी," ती म्हणाली आणि मडगार्डवरच्या झिपऱ्या पोरीवर बोट ठेवलं. "साऱ्याईनं म्हणलं उतर, मी उतरलीच नाही. फोटोवाला कामठीहून आणला होता. थो म्हणे, बसू द्या, चांगली दिसते."

"आत्या, हा कोणत्या सालचा?"

"चीनची लढाई लागली ना, त्याच्या आधीचा उन्हाळा. मी पाचवीत होती."

म्हणजे बासष्ट. पायलने माझ्याकडे पाहिलं.

"आणि आहे कशाचा?"

आत्याने हसू थांबवलं. माझ्याकडे नीट पाहिलं, मग फोटोकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "तुले मालूम नाही? तुह्या बापानं दाखवला नाही का तुले?"

"हा तर भिंतीवरच होता, आत्या. पण ही कड पुठ्ठ्याखाली होती. मी त छप्पन्नचा समजत होती."

"तू छप्पन्न छप्पन्न म्हणे, त मले वाटे तिथं वर टांगलेला दुसरा असंन. तेवढ्या उंचावरचं मले काय दिसते? आन् तू इतिहास शिकवते, तुले चुकली म्हणाचं कोणी?" तिने बेडफोर्डच्या खिडकीवर बोट ठेवलं. पदराखालच्या, अर्ध्या सावलीतल्या चेहऱ्यावर. "पुष्पा, हे तुही माय आहे वं. हे लग्नाची वरात आहे."

मी बाजेच्या कडेला बसले. लसणाचं सूप खाली पडलं. पायल पाकळ्या गोळा करायला वाकली आणि मग तीही तशीच बसून राहिली.

फोटो मी जवळ घेतला. अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी. डोळे खाली नाहीत, सरळ समोर. ओठ घट्ट मिटलेले, पण हसू आवरत असल्यासारखे. हनुवटी माझ्यासारखी, पायलसारखी. माझ्या आयुष्यातला तिचा पहिला चेहरा मी अठ्ठावन्नाव्या वर्षी पाहिला आणि तिच्यापेक्षा तिप्पट मोठी होऊन पाहिला. रडू आलं, ते मी थांबवलं नाही. आत्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. तिच्या हाताला लसणाचा वास होता.

"तुही माय गेल्यावर त्यानं फ्रेम करून आणला," आत्या सांगू लागली. "मी पाह्यलं, त जया दिसेच नाही. म्हणलं, दादा, काहून झाकलं तिले? थो म्हणे, पोट्टी लहान आहे. रोज पाहून रोज रडंन. मोठी झाली का पुठ्ठा काढून दाखवीन. मले वाटलं, दाखवला असंन."

मोठी हो. दाखवीन. म्हणजे बाबा खरंच बोलत होते. फोटो सगळा वेळ माझ्या डोक्यावर होता, तोंड झाकून. माझ्या मोठं होण्याचा तो दिवस ठरवायला त्यांचं मन धजलं नसेल, आणि मग दिवसच संपले.

जरा वेळाने पायलने विचारलं, "आजी, पण वरातीले तीन ट्रक कशाले?"

इथे आत्या ताठ बसली. ही गोष्ट सांगायला ती जणू साठ वर्षं वाट पाहत होती.

आईचं माहेर पेंचकडचं एक गाव. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माझे मामेभाऊ अजून तिथेच राहतात आणि माणसं आता बदलली आहेत. त्या गावात बौद्ध पद्धतीचं पहिलं लग्न हे. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत. आमची वस्ती गावाच्या त्या टोकाला आणि तिकडे जायचा मोठा रस्ता मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, वाड्यासमोरून, चावडीवरून. लग्नाच्या आधी वाड्यावरून निरोप आला. लग्न करा, आमची ना नाही. पण नवरदेव घोडीवर बसून, बाजा लावून वाड्यासमोरून जाणार नाही. घोडी मागून, नाल्याकडून घ्या. आजवर सगळ्यांनी तशीच घेतली होती.

"म्हातारे म्हणे, जाऊ द्या, नाल्याकडून घेऊ," आत्या म्हणाली. "तुहा बाप उठला. खाणीवर गेला. तिथं त्याचे दोन दोस्त. एक सरदारजी, एक छिंदवाड्याकडला. तिघंईजणं ठेकेदारापाशी गेले आन् एका दिवसाच्या गाड्या मांगल्या. आदल्या दिवशी पेंचमंदी नेऊन धुतल्या. मँगनीजची काळी धूळ, पाणी सारं काळं झालं. आमी पोट्टे चाकाईले माती लावून घासत होतो."

"मग?"

"मग काय? घोडी नाल्याकडून जाते. गाडी जाते का? नाल्याच्या गल्लीत चाक मावत नाही. गाडी त मोठ्या रस्त्यानंच जाणार. त्याईनं म्हणलं घोडी नाही, आमी घोडी आणलीच नाही. त्याईनं म्हणलं बाजा नाही, आमी बाजा आणलाच नाही. तिन्ही गाड्याईचे भोंगे दाबले ते वस्तीत जाईपर्यंत सोडलेच नाही."

पायल मोठ्याने हसली. मीही हसले, डोळे पुसत पुसत. आत्या हसली नाही. ती ते सगळं पुन्हा पाहत होती.

"जाताना असे गेलो. लग्न लागलं, जेवणं झाले. परत निघालो, त जया बेडफोर्डात बसली, सरदाराच्या बाजूले. सरदार म्हणे, नवी गाडी आहे, नवरी यातच बसंन. वाड्यासमोर आलो आन् तुह्या बापानं हात दाखवला. तिन्ही गाड्या थांबल्या. उतरला आन् फोटोवाल्याले म्हणे, इथं काढ."

"कुठे?"

"आंधळी आहे का वं तू? मागं पाह्य."

मी पाहिलं. खांबांची ओसरी. जिला मी इतकी वर्षं नागपूरची धर्मशाळा म्हणत आले, ती मालगुजाराची ओसरी होती. तिच्यावर बसलेली माणसं, ज्यांना मी दीक्षेला आलेले पाहुणे म्हणत असे, त्यांच्यापैकी कोणाच्याच अंगावर पांढरे कपडे नव्हते. एकाच्या डोक्यावर फेटा होता, हातातला पानाचा डबा अर्धवट उघडा राहिला होता. सगळे आमच्या गाड्यांकडे पाहत होते. आणि त्यांच्याकडे पाठ करून बाबा उभे होते, बॉनेटवर हात ठेवून, हनुवटी वर.

"त्याच्या पुढं त्या गावात कोणी वरात नाल्याकडून नेली नाही," आत्या म्हणाली. "एकानंई नाही."

माझा खरा प्रश्न अजून राहिला होता. शेवटी विचारलं. "आत्या, छप्पन्नला बाबा गेले होते का?"

"गेला म्हणजे? तुहा आजा, तुहा बाप, मोहल्ल्यातले सारे. पायी गेले. वाटेत मुक्काम केला. मी लहान होती, मले नेलं नाही, मी दारात लोळून रडली. परत आला त पायाले हे फोड. माह्या मायनं गरम पाण्यानं शेकले. थो म्हणे, फोड आहे त काय झालं, उभा राहून आलो." तिने लसणाची एक पाकळी उचलली. "त्याच्या दुसऱ्या साली खाणीवर क्लीनर लागला. मग ड्रायव्हर. फोटो काढाले तवा कोणापाशी काय होतं वं?"

मी उठले आणि अंगणात उगाच एक चक्कर मारली. माझ्या बापाने छप्पन्नला पायाला फोड आणले आणि बासष्टला तीन ट्रक आणले. मी मात्र जन्मभर एकच सांगत राहिले होते, तेही चुकीच्या फोटोवर. इतका मोठा माणूस माझ्या घरात राहत होता आणि मला ठाऊक असलेला त्याचा अर्धाच भाग मी मिरवत होते.

"आत्या, बाबा म्हणायचे, गाड्या आपल्या होत्या."

"गाड्या ठेकेदाराच्या," आत्या म्हणाली. मग हसली. "पण त्या दिवशी आपल्याच."

नागपूरला परतल्यावर मी फोटो नवीन फ्रेममध्ये बसवून घेतला. पुठ्ठा लावायचा नाही, हे फ्रेमवाल्याला तीनदा बजावलं. तो म्हणाला, बाई, पुठ्ठ्याने शोभा येते. मी त्याला शोभेचा अर्थ समजावला, मग त्याने मुकाट्याने बसवून दिला.

विहारात नत्थूजी शिडीवर उभे राहून फोटो लावत होते. मी खालूनच सांगितलं की आमचा फोटो छप्पन्नचा नाही, बासष्टचा आहे, आणि सगळं सांगितलं. ते शिडीवरून उतरले. "मॅडम, बाहेर बोर्डावर लिवलं आहे, 'आपल्या घरचं छप्पन्न'. मी बासष्टचा कसा लावू? नियम म्हणजे नियम."

माझा पारा चढला. खाली लावायचा मजकूर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला. एकदा उभ्याने, एकदा खुर्चीत बसून. मग फोटो हातात घेऊन बराच वेळ ओसरीवरच्या फेट्याकडे पाहत राहिले.

"बेडफोर्ड," ते म्हणाले. "'जे' मॉडेल. मी लहानपणी हिच्या टपावर बसून संत्र्याच्या बाजारात गेलो आहे." मग आवाज खाली आणून, म्हणजे त्यांच्या मानाने खाली आणून म्हणाले, "मॅडम, तुमाले एक सांगू? तो कोपऱ्यातला फोटो माह्या मामाचा. पांढरे कपडे आहेत म्हणून लावला. पण मागं बस उभी आहे ती एसटीची. छप्पन्नच्या दसऱ्याले नागपुरात एसटी होती कुठं? आपण तवा मध्य प्रदेशात होतो. मी सारी जिंदगी एसटीत काढली, मले दिसत नसंन का? पण आमच्या घरात फोटो आहे तो एकट्या मामाचाच. काढून कसा टाकू?"

"मामा छप्पन्नला गेले होते?"

"पायी. काटोलहून."

मग नत्थूजी उठले, ब्रश घेतला, बाहेर गेले आणि बोर्डावर 'छप्पन्न'च्या पुढे दोन शब्द लिहून आले, 'आणि पुढचं'. त्याच संध्याकाळी ती बातमी मोहल्ल्यात फिरली आणि दुसऱ्या दिवशी तीन घरांतून माणसं आपल्या फोटोची खरी सालं सांगायला आली. एकाचा तर सत्तरचा निघाला.

प्रदर्शनाच्या दिवशी आत्या आली. पायलने तिला मुद्दाम पारशिवनीहून आणलं. फोटो डोळ्यांच्या उंचीवर लावला होता, हे मी नत्थूजींकडून करून घेतलं होतं. आत्या त्याच्यासमोर उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाला मडगार्डवरची पोरगी दाखवत राहिली. कोणी मजकूर वाचायच्या आत ती स्वतःच सगळं सांगून टाकायची, भोंग्यांचा आवाजही काढून दाखवायची. तिच्यामुळे रांग पुढे सरकत नव्हती. नत्थूजी लांबून हात जोडत होते, पण तिला थांबवायची त्यांची हिंमत नव्हती.

दुपारी गर्दीतून एक बाई पुढे आल्या. पांढरे कपडे पाहिले, हात जोडले आणि मला विचारलं, "छप्पन्नचा का हो?"

"नाही," मी म्हटलं. "छप्पन्नला बाबा पायी आले होते. हा बासष्टचा आहे. हे माझे बाबा. खिडकीतली ही माझी आई. आणि गाड्या आपल्या होत्या."